पुलाकडची बाजू

४ नोव्हेंबर

प्रिय भावजी,

अनेक आशीर्वाद. मी ठीक आहे. गुडघा कुरकुरतो, पण चार जिने चढून घरी यायचंच असतं म्हटल्यावर त्यालाही दुसरा इलाज नाही. तुम्हीही ठीक असाल असं धरून चालते. फोनवर तुम्ही नुसतं "हं, हं" करता आणि ठेवून देता, त्यावरून माणसाची तब्येत कशी कळणार? पत्र मध्येच ठेवून देता येत नाही, निदान मला तरी ते कधी जमलेलं नाही. म्हणून लिहायला बसले.

इथं सगळं जागच्या जागी आहे. दुकानात पडद्यांचं काम भरपूर आहे. मालकीणबाई अजूनही प्रत्येक गिऱ्हाइकाला "हा रंग तुमच्या भिंतीला फार खुलेल" असं सांगतात, भिंत न बघता. मी मागच्या खोलीत मशीनवर बसून हसते. तुमच्या स्टुडिओचं शटर मी अधूनमधून वर-खाली करते, नाहीतर गंजून बसेल. दर्शनी काचेतलं ते हसरं बाळ उन्हानं निळं पडलंय, पण हसायचं काही थांबलेलं नाही. खरं बाळ आता शाळेत जात असेल आणि गणितात रडत असेल.

आता मुद्द्याचं. तुम्ही जाताना माझ्याकडे ठेवलेली कॅमेऱ्याची बॅग मी उघडली. रागावू नका. भिंतीला ओल आली होती आणि बॅग नेमकी त्याच भिंतीशी होती. भिंगावर बुरशी धरते असं मी कुठंतरी वाचलं होतं. कॅमेरा पुसला, भिंगं पुसली, आणि तळाशी कॅमेऱ्याचं माहितीपुस्तक सापडलं. घरात मी न वाचलेलं तेवढं एकच पुस्तक उरलं होतं. वाचलं. दोनदा वाचलं. पहिल्या वेळी काही कळलं नाही, दुसऱ्या वेळी काय कळत नाही ते कळलं.

त्यातच वाचनालयात एक पुस्तक हाती आलं. त्यात एका शहराचं रात्रीचं चित्र होतं, घडी घातलेलं. मी उलगडत गेले, उलगडत गेले, तर ते शेजारच्या गृहस्थांच्या वर्तमानपत्रावर गेलं. ते म्हणाले, "बाई, तुमचं शहर माझ्याकडे आलंय." एवढं लांब चित्र एका फोटोत मावत नाही, शेजारशेजारचे फोटो काढून एकमेकांना जोडतात, असं खाली लिहिलं होतं. जोडायचंच असेल तर ते काम माझं, असं मला वाटलं. आयुष्यभर दुसरं काय केलं?

म्हणून आता रात्री जेवण आटोपलं की ट्रायपॉड खांद्यावर टाकून गच्चीवर जाते. पाण्याच्या मोठ्या टाकीपासून सुरू करते आणि टेलिफोनच्या मनोऱ्यापाशी थांबते. वाचनालयातल्या संगणकावर फोटो जोडायचा प्रोग्राम आहे. तिथल्या चष्मेवाल्या बाईंनी तो मला लावून दिला.

अडचण अशी आहे की प्रत्येक फोटोचा उजेड वेगळा येतो. एक पांढरट, एक पिवळट, पुढचा काळपट. एकाच रंगाचं म्हणून आणलेलं कापड दोन वेगळ्या ताग्यांतलं निघावं तसं दिसतं. गिऱ्हाईक परत करील असलं काम. काय चुकतंय?

उत्तर लिहा. लांबलचक नको, दोन ओळी चालतील.

तुमची,
वहिनी


२३ नोव्हेंबर

प्रिय भावजी,

अनेक आशीर्वाद. तुमचं उत्तर मिळालं. मी दोन ओळी चालतील म्हटलं म्हणून खरंच दोनच ओळी लिहायच्या? "ऑटो बंद करा. सगळ्या फ्रेमना एकच माप. कॅमेरा उभा लावा. एक तृतीयांश भाग एकमेकांवर येऊ द्या." वर मायना नाही, खाली सही नाही. औषधाच्या बाटलीवरची सूचना वाटते. अक्षर ओळखीचं होतं म्हणून बरं.

पण औषध लागू पडलं. उजेड आता एकसारखा येतो. एकमेकांवर येऊ द्यायचा भाग तर मला लगेच समजला. शिवणीसाठी आपण माया सोडतो, तेच.

पुढचं ऐका. दुसऱ्या रात्री मी उभी असताना आपल्या इमारतीचे सेक्रेटरी वर आले. टाकीचा व्हॉल्व्ह बघायला आलो म्हणाले, पण बघत माझ्याकडे होते.

"बाई, दुर्बीण कुणाच्या घरात लावलीय?"

"शहराचा फोटो काढतेय. जरा पुढून बाजूला होता का?"

"अरे हो, हो. होतो ना."

आणि झाले बाजूला. पण मी ज्या दिशेनं कॅमेरा वळवत होते त्याच दिशेनं. पुढच्या फोटोला पुन्हा पुढे. पुन्हा "होतो ना". गंमत म्हणजे रात्रीच्या फोटोला कॅमेरा बराच वेळ उघडा राहतो, त्यात चालतं माणूस धूसर होऊन निघून जातं. पण सेक्रेटरींनी काय करावं? मी बटण दाबलं की फोटोत आपल्यामुळे खोट नको म्हणून ते श्वास रोखून खांबासारखे उभे. वाचनालयात चित्र जोडून झालं तेव्हा गच्चीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सेक्रेटरीच सेक्रेटरी.

चष्मेवाल्या बाईंनी बराच वेळ पडद्याकडे बघितलं. "हे सगळे भाऊ आहेत का?"

"एकच आहेत."

"मग यातला कुठला ठेवू?"

"एकही नको," मी म्हटलं. "मला रोज जिन्यात भेटतात."

हसलात ना? निदान मनात तरी.

आता अडचण. दूरची घरं, टाकी, मनोरा, सगळं केसागणिक जुळतं, पण जवळचा कठडा प्रत्येक जोडापाशी तुटतो. इथं खाली, तिथं वर, एके ठिकाणी तर गायबच. मी कापड बेतायच्या टेबलाशी करते तसंच करत होते. पडद्याचे पन्ने जोडताना आपण टेबलाच्या कडेनं सरकत जातो, तशी मी एक फोटो झाला की ट्रायपॉड उचलून कठड्याच्या कडेनं दोन पावलं सरकत होते. दूरचं जुळतं आणि जवळचं तुटतं, हे का?

आणि एक. त्या मोठ्या हॉटेलला बाहेरून काचेची लिफ्ट आहे ना, ती फोटोत लिफ्टसारखी दिसतच नाही. एक उभी पिवळी रेघ दिसते, तळापासून शेंड्यापर्यंत. भिंगाला ओरखडा पडलाय का? एक फोटो सोबत ठेवला आहे, बघा. माझ्या हातून काही झालं असेल तर सांगा, मनात ठेवू नका.

जेवत चला. तिथल्या स्वयंपाकीणबाईच्या हाताला चव आहे की नाही, तेही लिहा. ते काही तंत्रात बसत नाही, तरी लिहा.

तुमची,
वहिनी


१२ डिसेंबर

प्रिय भावजी,

अनेक आशीर्वाद.

यावेळी पानभर लिहिलंत. स्वयंपाकीणबाईबद्दल एक अक्षर नाही, पण ट्रायपॉडबद्दल पानभर. मी तेही आवडीनं वाचलं.

"एका जागी उभ्या राहा. सरकू नका. फक्त वळा." हे वाचून मी कपाळावर हात मारून घेतला. एवढं सोपं, आणि मी रोज रात्री गच्चीभर ट्रायपॉडला फिरवून आणत होते. आता गच्चीच्या मधोमध, कपडे वाळत घालायच्या दोरीच्या खांबापाशी उभी राहते. तरी कठडा थोडा तुटतच होता, म्हणून तुमची पुढची युक्ती केली. जवळचा खांब आणि लांबचा मनोरा एका रेषेत धरले आणि कॅमेरा डावी-उजवीकडे वळवून बघितला. वळवला की खांब मनोऱ्यापासून वेगळा व्हायचा. कॅमेरा ट्रायपॉडच्या सरकत्या पट्टीवर हळूहळू मागे घेत गेले. एका ठिकाणी दोघं एकमेकांना सोडेनात, कसाही वळवा. म्हणजे कॅमेरा आता स्वतःच्या भिंगाभोवती फिरत होता. त्या जागी पट्टीवर मी पिवळ्या दोऱ्याची गाठ मारून ठेवली आहे. ट्रायपॉडला खाली वजन म्हणून पडद्याच्या जुन्या कड्यांची पिशवी अडकवते. वारा आला की कडी वाजतात, पण कॅमेरा हलत नाही.

कठडा जुळला, भावजी. टाकीपासून मनोऱ्यापर्यंत अखंड. छोटा छापून सोबत पाठवला आहे. जोड कुठं आहेत ते शोधून दाखवा.

भिंगाला ओरखडा नाही हे कळल्यावर जीव भांड्यात पडला. जे हलतं त्याची रेघ होते, जे थांबतं त्याचा ठिपका राहतो, हे तुम्ही लिहिलंत ते मी वाचलं आणि ती पिवळी रेघ परत बघितली. ती लिफ्ट यांनीच बसवली होती, तुमच्या दादांनी. आठवतं ना? दोन महिने घरी येऊन काचेच्या लिफ्टचंच बोलणं. आयुष्यभर शहरातल्या लोकांना वर-खाली नेलं आणि स्वतःच्या इमारतीला लिफ्ट नाही म्हणून जिने चढले. मी चेष्टा केली की म्हणायचे, "मी घरी आलोय हे पायांना कळायला हवं."

त्या चित्रात मी आता यांच्या लिफ्टा शोधत असते. निळ्या पाटीचं कार्यालय, त्याच्या मागची बँक, आणि दातांच्या डॉक्टरांची ती अरुंद इमारत, जिथं लिफ्टमध्ये दोन जाड माणसं गेली की एकाला श्वास सोडता येत नाही असं हे सांगायचे. प्रत्येक जिन्याच्या खिडकीत एक दिवा असतो. मी बोट ठेवते आणि म्हणते, ही यांची, हीसुद्धा यांची. सगळं शहर परकं आहे असं मला मधल्या काळात वाटायला लागलं होतं. तसं नाहीये. निम्म्या शहरात आपल्या माणसाच्या हातानं घट्ट केलेले नट आहेत.

तुम्ही शेवटी लिहिलंय, "आभाळ फार काळं येतंय." पुढं काही नाही. वाचनालयातल्या पुस्तकात त्याचं उत्तर आहे, आणि ते तुम्हाला माहीत नसेल असं होणार नाही. पूर्ण रात्रीत काढू नये. सूर्य मावळल्यावर थोड्या वेळानं काढावं, दिवे लागलेले असतात आणि आभाळात अजून निळा उजेड असतो, तेव्हाच शहर सगळ्यांत चांगलं दिसतं. तुम्ही लिहिलं नाहीत. मीही विचारलं नाही.

त्या वेळेला मला स्वयंपाक असतो.

थंडी पडली आहे. यांचा राखाडी स्वेटर तुमच्याकडे पाठवू का? मापाचा होईल, तुम्ही बारीक झाला नसाल तर.

तुमची,
वहिनी


३० डिसेंबर

प्रिय भावजी,

"वहिनी, चित्र पूर्ण नाही. पश्चिमेची बाजू कुठे आहे?"

दोन वर्षांत पहिल्यांदा तुम्ही वहिनी म्हणून लिहिलंत, आणि लिहिलंत ते हे विचारायला. कागद घडी घालून डब्यात ठेवला, काढला, परत ठेवला. आज उत्तर लिहिते आहे.

आधी मी लिहिणार होते की पश्चिमेला नवीन इमारत उठते आहे. ते खोटं नाही. बांबू बांधलेत, हिरवी जाळी लावली आहे, मजला चढतो आहे. उन्हाळा आला की त्या बाजूचं काही दिसणार नाही, ना पूल, ना खालचा रस्ता, ना हॉस्पिटल. मला बरं वाटत होतं. चला, आपल्याला काही करावं लागणार नाही, भिंतच येईल मध्ये. सकाळी सिमेंटच्या मिक्सरचा आवाज सुरू झाला की इमारतीतले सगळे वैतागतात, आणि मी मनात म्हणते, लवकर बांधा रे बाबांनो.

तुम्ही विचारलं आहे तर सांगते. तुम्हीही तिथंच होतात, तरी सांगते, कारण आपण दोघं यावर कधी बोललोच नाही.

हेच दिवस होते. अशीच थंडी. दिवे लागायच्या वेळेला हे जिन्यात बसले आणि मला म्हणाले, "जरा थांबतो." तिसऱ्या मजल्यावर. मी वरून हाक मारली, तुम्ही स्टुडिओतून धावत आलात आणि यांना पाठीवर घेऊन खाली नेलंत. मी या घरात आले तेव्हा तुम्ही शाळेत जात होतात, यांच्या खांद्यावर बसून पतंग काढायला बघायचात. मला जिन्यात तेच दिसत होतं, उलटं.

तुमच्या व्हॅनमध्ये मागे मी, यांचं डोकं माझ्या मांडीवर. चौकात तुम्ही क्षणभर थांबलात आणि पुलाकडे वळलात. पुलावर गाड्या लागल्या होत्या. थोडं पुढे, थांबा, थोडं पुढे. पुलाच्या मध्यावर यांचं डोकं जड झालं. डॉक्टरांनी नंतर वेगळी वेळ लिहिली, पण मांडीवरचं वजन मला कळतं. तुम्ही आरशातून माझ्याकडे बघितलंत. मी मान हलवली नाही. तुम्हाला गाडी चालवायची होती. तुम्ही हॉर्न वाजवत राहिलात, आणि तो हॉर्न मला अजून ऐकू येतो.

हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर तुम्ही म्हणालात, "चुकलं माझं. खालच्या रस्त्यानं न्यायला हवं होतं." एवढंच. महिन्याभरात शटर ओढलंत, बॅग माझ्या दारात ठेवलीत आणि गेलात. आता परगावी दुसऱ्याच्या दुकानात मोबाइलच्या कव्हरांवर दुसऱ्यांनी काढलेले फोटो छापता.

तुम्हाला कुणी बोल लावला नाही. मीही नाही. पण तुम्हाला उत्तरही दिलं नाही, कारण उत्तर मला माहीत नव्हतं. खोटं कशाला लिहू? खालच्या रस्त्यानं गेलो असतो तर, हा प्रश्न मलाही पडत आला आहे. तुमच्यावर राग म्हणून नाही. जीभ दुखऱ्या दाताकडेच जाते, तसा. म्हणून मी त्या वेळेला गच्चीवर जात नाही आणि त्या बाजूला वळत नाही.

पण चित्र पूर्ण नाही हे तुम्ही म्हणता ते खरं आहे. अर्धा पडदा शिवून गिऱ्हाइकाला देता येत नाही.

बघते.

वहिनी


२१ जानेवारी

प्रिय भावजी,

अनेक आशीर्वाद. सोबत मोठं पाकीट आहे. आधी पत्र वाचा, मग चित्र उघडा. जमणार नाही हे मला माहीत आहे, तुम्ही चित्रच आधी उघडलं असणार. असो.

पहिल्या दिवशी मी दुकानातून लवकर निघाले. मालकीणबाई म्हणाल्या, "आज काय विशेष?" मी म्हटलं, "सूर्यास्त." त्यांनी मान डोलावली. बाईंचा एक गुण आहे, उत्तर कळलं नाही तर त्या पुढचं विचारत नाहीत. गच्चीवर जाऊन ट्रायपॉड उभा केला, गाठीपाशी कॅमेरा बसवला, कड्यांची पिशवी अडकवली आणि पश्चिमेला वळवला. आभाळ केशरी, मग फिकट, मग निळं. पुलावर दिवे लागले. माझा हात बटणापर्यंत गेला आणि तिथंच राहिला. सगळं काळं झाल्यावर सामान आवरून खाली आले.

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी वर होते. मला बघून म्हणाले, "बाई, या वेळी मी कुठं उभा राहू?" त्यांना कुणीतरी ते चित्र दाखवलं होतं. मी त्यांना माझ्या मागे उभं राहायला सांगितलं. कॅमेऱ्याच्या मागे असलेलं माणूस चित्रात येत नाही, पण गच्चीवर असतं. ते उभे राहिले. त्या दिवशी मी बटण दाबलं. टाकीपासून निघाले, मनोऱ्यापाशी आले, थांबले नाही, पुढे वळले. नवी इमारत, तिच्या बांबूंच्या वर पूल, पुलाखाली घाऊक बाजाराकडून जाणारा खालचा रस्ता, पलीकडे हॉस्पिटलच्या खिडक्या. आणि परत टाकी.

वाचनालयात चष्मेवाल्या बाई दिवे घालवायच्या बेतात होत्या. "उद्या बघू या का?" म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून परत बसल्या. चित्र जोडायला वेळ लागतो. आम्ही दोघी पडद्यावरची पट्टी भरत जाताना बघत होतो. पूर्ण झालं तेव्हा मी त्यांना पश्चिमेची बाजू मोठी करायला सांगितली. आणखी मोठी. आणखी.

भावजी, पुलावर रेघा आहेत.

तोकड्या आहेत. लाल, बोटाच्या पेराएवढ्या, पण रेघा आहेत. गाड्या हळूहळू सरकत होत्या म्हणून रेघा. आणि खालच्या रस्त्यावर ठिपके. मण्यांची माळ ठेवावी तसे एकामागोमाग एक, प्रत्येक दिवा स्वच्छ, प्रत्येक गाडी जागच्या जागी. जे हलतं त्याची रेघ होते, जे थांबतं त्याचा ठिपका राहतो. तुम्हीच लिहिलंत. तुमचं पत्र पर्समध्ये होतं, मी ते काढून परत वाचलं, आपण उलटं तर समजत नाही ना म्हणून.

मला वाटलं, एका दिवसाचं असेल. मग मी रोज काढलं. आठवडाभर, त्याच वेळेला. सगळे फोटो पाकिटात आहेत. एक दिवस पुलावरही थोडे ठिपके आहेत, तोही घातला आहे, लपवला नाही. पण खाली रेघ एकदाही नाही.

तेवढ्यावरही माझं समाधान होईना. संध्याकाळी चालत खालच्या रस्त्याला गेले. तुम्ही त्या रस्त्यानं पहाटे लग्नांचे फोटो काढायला जायचात, तेव्हा तो मोकळा असतो, म्हणून तुमच्या डोक्यात तो कायमचा मोकळाच राहिला. संध्याकाळी तिथं बाजाराचे ट्रक माल उतरवायला आडवे लागतात. एक म्हातारे हमाल पोत्यावर बसले होते.

"मामा, हे असं रोज असतं?"

"कसं?"

"हे उभं राहिलेलं."

"बाई, संध्याकाळी इथं गाडी घातली की चूल मांडायची आणि राहायचं. गाडी सकाळी निघते."

"कधीपासून?"

"माझे केस काळे होते, तेव्हापासून."

"एखाद्याला हॉस्पिटलात न्यायचं झालं तर?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी या शहरात आजच आले आहे. "तर पूल. इथनं कोण नेईल माणसाला?"

घरी येऊन मी परत फोटो बघितले, भिंग लावून. एका फोटोत पुलावर एक तुटक निळी रेघ आहे. टाका घालावा, सोडावा, टाका घालावा, सोडावा, अशी. मला आधी कळेना काय आहे. मग लक्षात आलं. अँब्युलन्सचा उघडझाप करणारा दिवा. ज्यांचं रोजचं कामच ते आहे, ते लोकही त्या वेळेला पुलावरूनच जातात. मी त्या जागी पिवळ्या दोऱ्याचा छोटा टाका घातला आहे, कागदातून. म्हणजे तुम्हाला शोधावं लागणार नाही.

मला ठाऊक आहे, या वर्षीचे फोटो म्हणजे त्या दिवसाचा फोटो नाही. तो कुणाकडेच नाही. पण रस्ते तेच आहेत, वेळ तीच, दिवस तेच. आणि चौकात एका क्षणात तुम्हाला जे सुचलं ते बरोबर होतं. खालून गेलो असतो तर तिथंच अडकलो असतो, हे पुलाच्या मध्यावर तरी पोचले. तिथून नदीचा वारा आत येत होता. यांनी एकदा डोळे उघडले, काचेतून वर बघितलं. हे मी तुम्हाला सांगितलं नव्हतं.

उलटं निघालं असतं तर काय केलं असतं, हा विचार मी केला. पुलावर ठिपके आणि खाली रेघा, असं असतं तर? मी ते पाठवलं असतं का? खरंच माहीत नाही. पहिल्या दिवशी हात बटणापाशीच का थांबला, ते आता कळतं. पण पाठवलं नसतं तरी तुम्हाला मी घरी बोलावलंच असतं, एवढं मात्र नक्की. ते बोलावणं फोटोवर अवलंबून नव्हतं. मला ते कसं लिहावं हे सुचत नव्हतं, म्हणून इतके दिवस कठड्याबद्दल लिहीत होते.

तर आता चित्राबद्दल. आभाळ काळं नाही, बघा. पश्चिमेला खाली केशरी आहे, वर निळं होत होत टाकीपाशी गडद होतं. वाचनालयातल्या बाईंनी मोठी प्रत काढून भिंतीवर लावली आहे. लोक आपापली घरं शोधतात. काल एक आजोबा म्हणाले, "माझी खिडकी आहे ही, आणि हिनं दिवा चालूच ठेवलाय बघा, रोज सांगतो." बायकोला तिथंच आणून दाखवणार आहेत.

फक्त एक जागा मी मुद्दाम रिकामी ठेवली आहे. गच्चीच्या दाराची. टाकीच्या आधीची ती फ्रेम मी काढली नाही, तिथं चित्र कापलेलं दिसेल. जोडणारा प्रोग्राम त्याबद्दल कुरकुरला, चष्मेवाल्या बाईही कुरकुरल्या. मी म्हटलं, ती फ्रेम यायची आहे.

नवी इमारत पुलाच्या पातळीला पोचली आहे. आता थोडेच दिवस उरलेत, मग पश्चिम मिळायची नाही. पूर्ण चित्र एकदाच काढता येईल. कॅमेरा मी लावून ठेवते, गाठ माझ्याकडे आहे, वजनाला कडी आहेत. जिने चढून वर या, पायांना कळू द्या घरी आलात ते. मग दारात उभे राहा. स्वेटर घाला, वारा असतो.

बटण मी दाबेन. कॅमेरा बराच वेळ उघडा राहतो, सेक्रेटरींना विचारा हवं तर. हललात तर रेघ व्हाल आणि निघून जाल. थांबलात तर दिसाल.

या, आणि थांबा.

नात्यानं, आणि नुसत्या नात्यानं भागत नसेल तर हट्टानं,
तुमची वहिनी